वरच्या मजल्यावरचं दार

"थांब, थांब! मागे घे! परत दाखव!"

ठिपकी इतक्या जोरात ओरडली, की पलंगाच्या कडेला पालथा पडलेला शेपूट दचकून खालीच घसरला.

"अगं, एवढं काय झालं? अंकुर तर मस्त आलाय!" बांबू म्हणाला.

सुट्टी लागली होती. खोलीचे पडदे ओढून, बाबांच्या लॅपटॉपसमोर डोकी जोडून तिघं ठिपकीची नवी फिल्म बघत होती. हनुवटीवर तीळ म्हणून ती ठिपकी. ती जाईल तिथे मागोमाग जातो म्हणून तिचा धाकटा भाऊ शेपूट. आणि सुट्टीसाठी आलेला, दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेणारा मावसभाऊ, तो बांबू.

ठिपकीला यंदा टाइम-लॅप्सचं वेड लागलं होतं. आईचा जुना, कोपऱ्यात तडकलेला मोबाइल एका जागी पक्का बसवायचा, चार्जरला लावायचा आणि त्याला ठरावीक वेळाने एकेक फोटो काढत ठेवायचा. मग ते सगळे फोटो भराभर एकामागून एक दाखवले, की अख्खा दिवस चुटकीसरशी पळतो! मेणबत्ती वितळून झाली होती, बर्फाचं पाणी करून झालं होतं. आता खिडकीत ओल्या कापसावर ठेवलेल्या घेवड्याच्या बीचा नंबर होता. शेपटाचा धक्का सारखा लागतो म्हणून बांबूने मोबाइलची फळीच खिडकीच्या कठड्यावर स्क्रूने घट्ट बसवली होती.

"अंकुर सोड रे! त्याच्या मागे बघ. गजांच्या पलीकडे!"

खिडकीतून लांबवर बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याची उंच चिमणी दिसायची. फिल्मच्या सुरुवातीला ती दोन गजांच्या बरोबर मध्ये होती. ढग पळाले, अंधार झाला, उजाडलं, पुन्हा अंधार झाला... आणि चिमणी कणाकणाने बाजूला सरकत सरकत शेवटी एका गजाआड अर्धी लपली!

"चिमणी चालते?" शेपूट कुजबुजला.

"चिमणी चालत नाही, नाचत जाते. दाणे टिपते," बांबू म्हणाला. पण त्याच्या विनोदावर तो स्वतःसुद्धा हसला नाही. "मोबाइल हलला असेल, दुसरं काय!"

"मग गज नसते का हलले? कापसाची बशी नसती हलली? ते सगळं जागच्या जागी आहे. फक्त बाहेरचं जग सरकलंय!"

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. पलीकडून कुणी बोटाच्या पेराने हळूच वाजवावं, तसा. आणि पाठोपाठ डोक्यावर, वरच्या मजल्यावर, एक लांबलचक कर्रर्र...

शेपूट बांबूच्या मागे जाऊन चिकटला. "आल्या," तो म्हणाला. "वरच्या आजी आल्या."

वरच्या आजी जाऊन वर्ष होत आलं होतं. पण अलीकडे तीन मजल्यांच्या त्या घरात काहीतरी होतं खरं. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंची कात्री टेबलावरून आपोआप घरंगळायची. जिन्यातलं दार लावलं की लागायचं नाही. भिंतीत टकटक व्हायची. आणि वरच्या आजोबांकडे तर रोज संध्याकाळी आजींच्या खोलीचं दार हात न लावता उघडायचं. जिन्यात भेटले की लोक हल्ली आवाज खाली आणूनच बोलायचे.

बाबांना चिमणीची फिल्म दाखवली, तर त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही पुरतं काढलं नाही. "मोबाइल हललाय. भिंतीत पाली आहेत. आणि भूतबीत काही नसतं. झालं समाधान?"

"पण बाबा, गज..."

"ठिपके, सुट्टी आहे ना? बाहेर जाऊन खेळा जरा!"

घरमालक तर त्यांच्याही वरताण. जिन्याच्या भिंतीला पडलेल्या भेगेवर तो स्वतः उभा राहून रंग लावून घेत होता. "घर म्हातारं झालं, की कुरकुरायचंच! माझे गुडघे नाही कुरकुरत?" असं म्हणून खो खो हसला.

"मोठ्यांना पुरावा लागतो," बांबू म्हणाला. "आपण भुताचीच फिल्म काढू!"

"कुठे?" शेपटाने विचारलं. आणि उत्तर माहीत असल्यासारखं वर छताकडे बघितलं.

* * *

वरच्या आजोबांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत सगळं नीटनेटकं, पण कुणी राहत नसल्यासारखं थंडगार. रंग उडालेली एक आरामखुर्ची बंद दाराकडे तोंड करून ठेवली होती. त्या दाराकडे बघताना ठिपकीच्या अंगावर काटा आला. दार साधंच होतं, पिवळट रंगाचं, पितळी मुठीचं. पण सगळं घर जणू त्याच्याकडेच बघत बसलं होतं.

"आजोबा, आम्हाला... म्हणजे इथे एक मोबाइल..." ठिपकी अडखळली. भुताची फिल्म काढायची आहे, असं या माणसाला कसं सांगायचं?

"तुम्हाला तिचा फोटो हवाय," आजोबाच म्हणाले. ते रागावले नव्हते. "जिन्यात तुम्ही केवढ्यांदा कुजबुजता! ऐकू येतं मला."

तिघांनी माना खाली घातल्या.

"दुपारी मी ते दार लावतो. ती झोपायची ना दुपारची, म्हणून. संध्याकाळ झाली की ती उठते. आधी फट पडते, मग हळूहळू दार उघडतं. घाई तिला कधीच नव्हती." आजोबा खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "लावा तुमचा मोबाइल. फोटो काढायचा म्हटलं की ती तोंड फिरवायची. तिचा एकही हसरा फोटो नाही माझ्याकडे. बघा, मिळाला तर."

बांबूने मुकाट्याने कपाटाच्या कडेला मोबाइल बसवला. चौकटीत ते दार, खुर्ची आणि स्टुलावरचा पाण्याचा ग्लास बरोबर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं जेवण सोडून तिघं लॅपटॉपसमोर बसली.

दुपारचं ऊन जमिनीवरून सरपटत गेलं. आजोबा एकदम खुर्चीत अवतरले. ऊन तांबूस झालं, भिंतीवर चढलं, विझायला लागलं. आणि दाराला फट पडली. काळी, बारीक. ती रुंदावत गेली. आतला अंधार खोलीत वाकून बघावा तसा पुढे आला. दार उघडलं, पूर्ण उघडलं! उंबऱ्यात कुणीही नव्हतं.

"बंद कर ना गं ताई!" शेपटाने डोळ्यांवर हात घेतले, पण बोटांतून बघत राहिला.

बांबूचीही पाचावर धारण बसली होती. पण ठिपकीचे डोळे? डोळे पडद्यावरून हलेनात.

"ग्लास," ती पुटपुटली. "बांबू, ग्लास बघ!"

तिने एकेक फोटो सुटा करून दाखवला. दुपारी ग्लासातलं पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. मग एका फोटोपासून ते धूसर दिसायला लागलं होतं. थरथरत असल्यासारखं. आणि पाणी थरथरायला लागल्यानंतरच दार हललं होतं!

"म्हणजे घर थरथरतंय," बांबू सावकाश म्हणाला. "कुणीतरी हलवतंय."

"आजी एवढ्या जोरात नाही हलवणार," शेपूट म्हणाला. "त्यांना दम लागायचा."

या वेळी मात्र तिघांनाही हसू फुटलं. आणि हसता हसता तिघंही गप्प झाली, कारण जमिनीतून, पायांच्या तळव्यांना जाणवेल न जाणवेल अशी एक घरघर येत होती. ठिपकीने खिडकी उघडली. शेजारच्या मोकळ्या जागेभोवती उंच पत्रे ठोकले होते. आत मोठ्या इमारतीचं तळघर खणायचं काम चाललं होतं. घरघर तिथूनच येत होती.

"पंप!" बांबू ओरडला. "खड्ड्यातलं पाणी उपसतायत!"

"दार तर नुसतं लोटलेलं असतं. हादऱ्याने ते सुटतं," ठिपकी म्हणाली. "पण सुटल्यावर रोज एकाच बाजूला का जातं? कात्रीही त्याच बाजूला पडते. आणि चिमणी..." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बांबू, चिमणी नाही सरकली. आपण सरकलोय. घर कलतंय. त्या खड्ड्याकडे!"

भुताची भीती वाटत होती, तेव्हा निदान पांघरुणात शिरता येत होतं. आता तर पांघरुणासकट सगळं घरच कुठेतरी चाललं होतं. भिंतीत पुन्हा टक् झालं. या वेळी कुणीच दचकलं नाही, पण तिघंही आपोआप खोलीच्या मधोमध सरकून उभी राहिली.

* * *

सकाळी तिघं थेट पत्र्यांपाशी गेली. काळा चष्मा लावलेला ठेकेदार फोनवर बोलत होता.

"काका, तुमचा पंप चालू असला की आमचं घर हादरतं!"

"पंप? कुठला पंप?" ठेकेदाराने चष्मा कपाळावर चढवला. "नगरपालिकेने नको म्हटलं, त्याच दिवशी बंद केला मी. त्या ताडपत्रीखाली झोपलाय बिचारा! तुमच्याकडे भूत आहे म्हणे? मग त्याला सांगा ना हादरवू नको म्हणून!" आणि तो पोट धरून हसला.

घरमालकही त्याच्याच बाजूने. "उगाच लोकांना घाबरवू नका. आधीच भुताच्या अफवेने भाडेकरू पळायला लागलेत!"

"खोटं बोलतायत," गल्लीत आल्यावर ठिपकी म्हणाली. "चला, आता त्यांचीच फिल्म काढू!"

शोध शेपटाने लावला. पत्र्यांच्या मागच्या बाजूला, उकिरड्यापलीकडे, एक जाड पाइप गुपचूप गटारात सोडलेला होता. त्याच्या तोंडाशी ओली, करडी वाळू साचली होती. बांबूने एका खोक्याला भोक पाडलं, आत पॉवर बँकेला जोडलेला मोबाइल ठेवला आणि खोकं उकिरड्याच्या कडेला असं टाकून दिलं, की कुणी ढुंकूनही बघू नये. दुसरा मोबाइल आईकडून "फक्त एका दिवसासाठी" मागून घेतला आणि समोरच्या वाचनालयाच्या गच्चीवर, आपल्या घराकडे रोखून ठेवला. एका दिवसाचे दोन झाले, दोनाचे तीन, तेव्हा आईने तो परत मागितला. पण तोवर हवं ते मिळालं होतं.

खोक्यातल्या फिल्ममध्ये रोज दुपारनंतर पाइप ओकायला लागायचा. पाण्याबरोबर वाळूचा ढीग फुगत जायचा आणि अंधार पडता पडता दोन मजूर तो फावड्याने भरून पळवून न्यायचे. गच्चीवरच्या फिल्ममध्ये त्यांचं घर आणि डावीकडचं घर यांच्यामधली फट दिसत होती. तळाशी होती तेवढीच. वर मात्र ती उमलल्यासारखी रुंदावत होती.

"ही वाळू कुठून येते?" शेपटाने विचारलं.

"आपल्या खालून," ठिपकी म्हणाली.

त्याच संध्याकाळी घरमालकाने सगळ्या भाडेकरूंना तळमजल्यावर जिन्यापाशी बोलावलं होतं. भुताची अफवा एकदाची मिटवायची होती. ठेकेदारही खाऊचे पुडे घेऊन हजर होता, कारण नगरपालिकेच्या इंजिनिअरबाई खड्डा तपासायला यायच्या होत्या आणि शेजाऱ्यांची काही तक्रार नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. अर्थातच आज पंप ताडपत्रीखाली गपगार झोपला होता!

बाई आल्या. पायात चिखलाचे बूट, केसांना घट्ट अंबाडा. "कुणाची काही तक्रार?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही!" घरमालक म्हणाला.

"आमची आहे!" बांबू पुढे झाला. "म्हणजे तक्रार नाही, गंमत आहे. आम्ही या घरातल्या भुताची फिल्म काढलीय!"

"बांबू!" बाबा ओरडले.

पण ठेकेदाराला हसू आवरेना. "असू द्या, असू द्या! दाखवा भूत! बाई, पाच मिनिटं. लोकांचीही भीती जाईल." आणि त्याने स्वतःच्या हाताने जिन्यातला दिवा बंद केला!

वाचनालयातून आणलेला प्रोजेक्टर आईच्या पांढऱ्या चादरीवर उजळला. आधी अंकुर आला. लोक कौतुकाने हसले. मग चिमणी चालायला लागली आणि हसणं विरळ झालं. मग वाचनालयाच्या गच्चीवरून दिसणारं त्यांचं घर आलं, आणि त्याच्या डोक्याशी रुंदावत जाणारी ती फट. शिवणकामवाल्या काकूंनी तोंडावर हात ठेवला. अंधारात कुणीतरी "देवा!" म्हणालं.

"हे काय चाललंय? दिवा लावा!" ठेकेदार गरजला.

"दिव्याला हात लावायचा नाही," इंजिनिअरबाईंचा आवाज आला. "पुढे दाखव गं."

चादरीवर पाइप ओकायला लागला. वाळूचा ढीग फुगला, मजूर आले, ढीग गेला. पुन्हा फुगला, पुन्हा गेला. एका फोटोत काळा चष्मा कपाळावर चढवून ठेकेदार स्वतः ढिगाकडे बोट दाखवत उभा होता!

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. टक्.

बाईंनी दिवा लावला. जिन्यातल्या ताज्या रंगावर त्यांनी नखाने खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला आणि त्याखाली बोट शिरेल एवढी भेग निघाली. घरमालकाच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुमच्या पंपाने या घराखालची वाळू उपसली आहे," बाई ठेकेदाराला म्हणाल्या. "काम आत्ताच्या आत्ता बंद. तुमच्याशी मी नंतर बोलेन, आणि एकटी नाही बोलणार." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "अंधार पडायच्या आत घर रिकामं करायचं. फक्त गरजेचं सामान घ्या. धावपळ नको, पण थांबायचंही नाही!"

* * *

गाद्या, औषधं, पिशव्या, रडणारी बाळं, सगळं जिन्यातून खाली यायला लागलं. बाबा प्रत्येकाला हात देत होते. मोजदाद झाली, तेव्हा एक माणूस कमी भरला.

"आजोबा!" ठिपकी किंचाळली आणि कुणी अडवायच्या आत वर धावली. तिच्यामागे बाबा, आणि अर्थातच शेपूट.

आजोबा खुर्चीत होते. दार बंद होतं. त्यांनीच लावलं असणार.

"तुम्ही जा, बाळांनो," ते म्हणाले. "ती उठेल आता. घर रिकामं दिसलं तर घाबरेल."

"आजोबा, चला ना!" बाबा हात धरायला पुढे झाले, पण आजोबांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. ठिपकीला वाटलं, 'आजींनीच तुम्हाला खाली बोलावलंय' असं सांगून टाकावं. ते लगेच उठले असते. पण तिच्याने ते बोलवेना.

ती खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. "आजोबा, आजी दार उघडत नव्हत्या. पंपाने घर हलायचं आणि ते कललंय, म्हणून दार उघडायचं. मी बघितलंय."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. "म्हणजे ती नव्हतीच?"

ठिपकीने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"मला दाखव."

"आत्ता वेळ नाहीये, ठिपके..." बाबा म्हणाले. पण तिने मोबाइल आजोबांच्या हातात दिलाही होता.

छोट्याशा पडद्यावर ऊन जमिनीवरून सरपटलं, भिंतीवर चढलं, विझलं. दार उघडलं. आजोबा मात्र दाराकडे बघतच नव्हते. ते खुर्चीकडे बघत होते. खोलीतलं सगळं हलत होतं, ऊन, सावल्या, पडदा, पाणी. फक्त खुर्चीतला म्हातारा माणूस हलत नव्हता. दिवस त्याच्या अंगावरून वाहून जात होता आणि तो दगडासारखा तसाच.

"हे मी?" आजोबांनी विचारलं. "रोज असाच बसतो मी?"

"हो," शेपूट म्हणाला. "आम्हाला आधी वाटलं, तुम्हीच भूत आहात."

"शेपट्या!" बाबा ओरडले.

पण आजोबांच्या छातीतून एक विचित्र आवाज आला. हसल्याचा की रडल्याचा, कळलं नाही. "बरोबर बोलतोय तो. तिने हे बघितलं असतं ना, तर खुर्ची उचलून गच्चीवरून फेकली असती!" त्यांनी खुर्चीचे हात सोडले. "धर रे मला."

बाबांनी त्यांना आधार दिला. उंबऱ्यापाशी आजोबा थांबले, वळून त्या बंद दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात, आतल्या कुणाची झोप मोडू नये तसं म्हणाले, "येतो गं." मग एकेक पायरी उतरत, मागे न बघता, खाली आले.

रात्र सगळ्यांनी जवळच्या शाळेच्या वर्गांमध्ये काढली. पहाटे घराची जिन्याकडची भिंत कोसळली. मोठा आवाज झाला, धुळीचा लोट उठला, पण घरात कुणी नव्हतं. एक मांजरसुद्धा नव्हतं.

सकाळी इंजिनिअरबाई शाळेत आल्या. डोळे तांबारलेले, अंबाडा सुटलेला. "उरलेल्या घराला टेकू लागलेत. ठेकेदाराचा परवाना गेला, आणि दुरुस्तीचा सगळा खर्च त्याच्याकडूनच घेणार आहोत. घरमालकालाही त्या भेगेचा जाब द्यावा लागेल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिघांना पुढे बोलावलं. "माझ्याकडे महागडी यंत्रं आहेत. पण ती कुठे लावायची, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही सांगितलंत. शाब्बास!"

वर्गभर टाळ्या झाल्या. शिवणकामवाल्या काकूंनी तिघांनाही पोटाशी धरलं. बाबा मागे उभे होते. ते पुढे आले आणि सगळ्यांसमोर ठिपकीला म्हणाले, "तू मला गज दाखवत होतीस आणि मी बघतसुद्धा नव्हतो. चुकलंच माझं."

ठिपकी नुसतीच त्यांच्या शर्टात तोंड खुपसून उभी राहिली. खिडकीबाहेर शाळेच्या मैदानावर नुकतं ऊन पडलं होतं आणि त्या उन्हातून वरचे आजोबा झपाझप फेऱ्या मारत होते. त्यांच्या चालीशी चाल जुळवायला बांबूची तारांबळ उडाली होती, आणि शेपूट धापा टाकत मागून ओरडत होता, "आजोबा, जरा हळू! अहो, हळू!"